ऑपरेशनला पाच लाख, मग रोजच्या गोळीला काय?

सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, घरामागे वर्षाला पाच लाखापर्यंतचा दवाखान्याचा खर्च आता सरकार देतं. २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारतमध्ये ही सोय सुरू झाली आणि ती चांगलीच झाली, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला योजनेचा विरोधक समजू नये. आमच्याकडे विदर्भात कॅम्प लागले, म्हातारी माणसं आधार कार्ड घेऊन सकाळपासून ग्रामपंचायतीसमोर बसली, कार्डं निघाली. पण हे कार्ड चालतं कधी तर ॲडमिट झाल्यावर. ॲडमिट होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टी झाल्यावरचे १५ दिवस एवढं औषधपाणी त्यात धरलेलं आहे, सोळाव्या दिवसापासून तुमचं तुम्ही बघा. बीपीची गोळी, शुगरची गोळी, दम्याचा पंप, गुडघ्याचं दुखणं, महिन्याला तालुक्याला जाऊन दाखवून येणं, यातलं काहीच त्यात बसत नाही. आणि माणसाचं म्हातारपण बिघडतं ते नेमकं याच गोष्टींनी बिघडतं. ॲडमिट व्हायच्या आधीची जी दहा-पंधरा वर्षं असतात ना, त्या वर्षांबद्दल मला बोलायचं आहे, कारण त्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

आपल्याकडे म्हाताऱ्याचा आजार दोनच वेळा दिसतो, एकदा ॲम्ब्युलन्स आली की आणि दुसऱ्यांदा तेरवीला. मधलं सगळं "वय झालं" या खात्यात जमा. घरचे तसंच म्हणतात, डॉक्टर तसंच म्हणतो, सरकारही कागदावर वेगळं लिहून तसंच वागतं, आणि वाईट म्हणजे म्हातारा माणूस स्वतःही तेच म्हणतो.

आकडा बघा. २०१७-१८ मध्ये लासी नावाचा देशभराचा सर्व्हे झाला, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने केलेला, ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा. जानेवारी २०२१ मध्ये रिपोर्ट आला तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्यानेच सांगितलं की म्हाताऱ्या माणसांपैकी ७५ टक्क्यांना कुठला ना कुठला दीर्घ आजार आहे, ४० टक्क्यांना कुठलं ना कुठलं अपंगत्व आहे आणि २० टक्क्यांना मानसिक आरोग्याचा त्रास आहे. चारातले तीन. म्हणजे पारावर दुपारी बसलेल्यांपैकी ज्याला काहीच नाही असा माणूस शोधावा लागेल. एवढ्या लोकांचा रोजचा प्रश्न आहे आणि आपली सगळी योजना उभी आहे ऑपरेशन थिएटरच्या दारात.

जागतिक आरोग्य संघटनेने माणसाच्या जगण्याची गुणवत्ता मोजायला २६ प्रश्नांचा एक फॉर्म बनवलेला आहे, जगभर वापरतात. त्यात शुगर किती, बीपी किती असं काही विचारत नाहीत. दुखण्यामुळे तुमची कामं अडतात का, झोप नीट लागते का, फिरता येतं का, गरजेपुरते पैसे आहेत का, माणसं आधार देतात का, जायला-यायला गाडी मिळते का, असं विचारतात. हो, गाडी मिळते का हे पण. मला हे फार पटतं कारण आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती आजाराचं नाव सांगणारच नाही, ती म्हणेल "खाली बसता येत नाई", "रातभर डोयाले डोया लागत नाई", "देवळाची पायरी चढता येत नाई". तिच्यासाठी आजार म्हणजे ही बंद झालेली कामं. आणि आपण तिला दवाखान्यात नेऊन फक्त आकडा विचारतो.

खाली बसण्यावरून संडासाचं सांगतो, कारण हा विषय लाजेपायी कोणी काढत नाही. स्वच्छ भारतमध्ये घरोघरी १२ हजाराचं अनुदान मिळालं, संडास बांधले गेले, बायकांची मोठी सोय झाली, खरंच झाली. पण भांडं सगळीकडे उकिडवं बसायचं. जिने पन्नास वर्षं कपाशीत वाकून निंदण केलं, झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या भागात असेल तर गुडघाभर चिखलात धानाचे रोवणे केले, तिचे गुडघे साठीत गेलेले असतात, ती बसली तर उठत नाही. धरायला काही नाही, दाराची कडी धरून उठायचं आणि कडी निसटली की खुब्याचं हाड. मग काय करतात माहिती आहे? पाणी कमी पितात. संध्याकाळनंतर पितच नाहीत, रात्री उठायला नको म्हणून. मे महिन्यात, चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर असताना, बीपीची लघवीची गोळी चालू असताना, म्हातारी माणसं पाणी कमी पितात कारण संडासात बसता येत नाही. मग चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते, किडनीवर ताण येतो, कोणी पडतं. दवाखान्यात केसपेपरवर लिहिलं जातं "अशक्तपणा". एक लोखंडी पाइप भिंतीला ठोकायचा आणि भोक पाडलेली एक खुर्ची, एवढ्यात यातलं बरंच थांबतं. पाच लाखाच्या कार्डावर ही खुर्ची मिळत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना चष्मा, काठी, कानाचं मशीन, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा ३ हजार रुपये द्यायचं ठरलं, कल्पना एकदम योग्य, माझी तक्रार एवढीच की ती एकदाचीच आहे आणि भिंतीला पाइप कोण ठोकणार हे त्यात नाही.

आता गोळीकडे येतो, कारण खरं भांडण तिथेच आहे.

बीपी दुखत नाही. हीच त्याची अडचण. माणूस गोळी खातो, बरं वाटतं, मग म्हणतो "मले काई होत नाई, गोयी कायले खाऊ?" आणि बंद करतो. पण सगळा दोष त्याच्यावर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. सरकारी दवाखान्यात कितीतरी वेळा आठ-दहा दिवसांच्याच गोळ्या हातावर ठेवतात, "स्टॉक नाही, परत या". परत या म्हणजे काय ते शहरात बसून कळत नाही. एसटी दिवसातून दोनदा, सकाळची गेली की दुपारपर्यंत ताटकळायचं, ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून तिकीट फुकट आहे पण ज्या रस्त्यावर गाडीच येत नाही तिथे फुकट तिकिटाचं काय करणार, ऑटोवाला घेतो तो पूर्ण पैसे घेतो. सोबत सून किंवा मुलगा लागतो, त्याची मजुरी बुडते, आणि निंदण-वेचणीच्या दिवसात मजुरी बुडवून कोण जाणार. म्हणून सोयाबीन काढणीपासून कापूस संपेपर्यंत घरातल्या म्हाताऱ्याच्या गोळ्या बंद, हे आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

आणि गोळी बंद पडल्याचा हिशोब नंतर होतो. गडचिरोलीच्या सर्च संस्थेने तिथल्या ८६ गावांतले मृत्यू नीट तपासले, २०१५ मध्ये तो अभ्यास छापून आला, तर मृत्यूचं एक नंबरचं कारण निघालं लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. मलेरिया आणि कुपोषणाचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, तिथे ही परिस्थिती. लकवा मारल्यावर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याच्या आधी सीटी स्कॅन काढावा लागतो, आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्याहून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे तिथल्या माणसासाठी ते इंजेक्शन कागदावरच. त्याच्या हातात एकच उपाय होता, बीपीची रोजची गोळी, जी अगदी स्वस्तातली गोळी आहे. बोंडअळी बोंडात शिरल्यावर फवारा मारून हाती काही लागत नाही हे आम्हा कापूसवाल्यांना कोणी शिकवायला नको, पण माणसाच्या बाबतीत आपण दरवर्षी तेच करतो.

आणि लकव्यातून जो वाचतो त्याचं? मी मरणापेक्षा त्याची जास्त काळजी करतो. एक हात-पाय गेलेला, बोलणं अडखळणारा, डोकं पूर्ण जागेवर असलेला माणूस बाजेवर पडून राहतो. फिजिओथेरपी जिल्ह्याला. रोज कोण नेणार. पहिले काही महिने व्यायाम मिळाला तर बरेच लोक काठीने चालायला लागतात, नाही मिळाला तर सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात. त्याला गावात कोणी लकव्याचा पेशंट म्हणत नाही, "बुडा (म्हातारा) बाजेवर आहे" म्हणतात, आणि विषय तिथेच संपतो.

हे बदलता येत नाही असं कोणी म्हणू नये, कारण विदर्भातच करून दाखवलेलं आहे. २०१७-१८ च्या सुमारास बीपी नियंत्रणाचा एक सरकारी कार्यक्रम सुरू झाला, इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह, महाराष्ट्रात त्यासाठी सुरुवातीला जे चार जिल्हे घेतले त्यात वर्धा आणि भंडारा आपले होते, बाकी सातारा आणि सिंधुदुर्ग. त्यात जगावेगळं काही नव्हतं. कुठली गोळी आधी, कुठली नंतर हे ठरवून टाकलं, म्हणजे डॉक्टर बदलला की गोळी बदलते हा प्रकार बंद. पेशंटला एका वेळी महिनाभराच्या गोळ्या. औषध घराजवळच्या केंद्रावर, आणि जो आला नाही त्याला फोन करून किंवा घरी जाऊन विचारणं. बस. ही मोठ्या मशीनची, स्पेशालिस्टची गोष्टच नाही, ही स्टॉकची आणि वहीची गोष्ट आहे. मग प्रश्न असा पडतो की जे दोन जिल्ह्यांत जमतं ते सगळ्या गावांत, बाराही महिने, न तुटता का चालू नये? आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या वरच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात, उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर नाव आहे, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. बीपी-शुगर शोधायची सोय म्हणजे झालेली आहे. शोधून झाल्यावर गोळी नाही, हे जास्त वाईट वाटतं मला, माणसाला सांगायचं की तुला आजार आहे आणि मग त्याला रस्त्यावर सोडून द्यायचं.

मोतीबिंदूचं उदाहरण घ्या. आमच्या भागात चाळीस वर्षांपूर्वी डोळे गेलेली म्हातारी माणसं घरोघरी होती, आज तेवढी नाहीत. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सेवाग्रामसारख्या ठिकाणी गावातून माणसं नेऊन, ऑपरेशन करून परत आणायची पद्धत रुळली, आता भाच्याच्या लग्नाला जातात तसे लोक डोळ्याच्या ऑपरेशनला जातात. हे का जमलं? मला वाटतं कारण ऑपरेशन मोजता येतं. टार्गेट देता येतं, फोटो काढता येतो, हिरव्या पट्टीवाल्यांची रांग पेपरात छापता येते. पण एका म्हातारीने वर्षभर रोज गोळी खाल्ली, तिला लकवा झाला नाही, ती स्वतःची भाकर स्वतः थापते आहे, याचा फोटो कसा काढणार? जे घडलं नाही ते कोणी मोजत नाही. म्हणून माझी पहिली मागणी मोजण्याबद्दलची आहे, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला किती पेशंट सापडले हे विचारू नका, किती जणांच्या गोळ्या गेल्या वर्षात एकही महिना खंडल्या नाहीत हे विचारा.

दुखण्याची गोळी हा वेगळाच घोर आहे. गुडघे-कंबर दुखते, ती रोज दुखते, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात काही विशेष होत नाही म्हणून माणूस किराणा दुकानातून नाहीतर मेडिकलमधून सुटी गोळी घेतो, किंवा गावात येणाऱ्या बोगस डॉक्टरची सुई घेतो. सुई लागते, दोन दिवस म्हातारा पळतो, म्हणून तो डॉक्टर देव. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, त्याने शुगर चढते. दुखण्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या की बीपी वाढतो, किडनी खराब होते, आणि ज्याला आधीच शुगर-बीपी आहे त्याची लवकर होते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले लोक किडनीच्या आजारांची तक्रार किती वर्षांपासून करताहेत, पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी पिणाऱ्यांनी तर या गोळ्यांना हातच लावू नये. पण दुखतं त्याचं काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही तर ते काय करतील? म्हाताऱ्या माणसाच्या वेदनेला आपण आजारच मानत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचे साधे व्यायाम, शेक, पॅरासिटामॉल बेताने, कमरेला आधार, बसायला उंच पाट, हे शिकवायला एमडी डॉक्टर लागत नाही, उपकेंद्रातली सिस्टर आठवड्यातून एक दुपार शिकवू शकते.

इन्सुलिनवाल्यांचं थोडक्यात. घरी फ्रिज नाही, असला तर उन्हाळ्यात लाइट नाही. लोक ओल्या मडक्यात बाटली ठेवतात, आणि ती युक्ती काही वाईट नाही, पण ती पेशंटने शोधून काढावी लागते, दवाखाना सांगत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. म्हणतात सगळं सरकारने करायचं तर पोरं कशाला आहेत. मी पोरांच्या जबाबदारीतून कोणाला सोडत नाही, आईबापाला बघणं हे पोरांचंच काम आहे आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही तेच सांगतो, निर्वाहासाठी दाद मागता येते. पण लोक त्या कायद्याचं हे एवढंच कलम सांगतात. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये राज्य सरकारवर टाकलेली कामं आहेत, सरकारी दवाखान्यात ज्येष्ठांसाठी शक्य तितके बेड, वेगळी रांग, आणि दीर्घ आजारांच्या उपचाराची सोय वाढवणं. पोराचं कर्तव्य पाठ आणि सरकारचं कलम कोणी उघडूनही बघत नाही, हे बरोबर नाही. आणि पोरं कुठे आहेत ते तरी बघा. कोरडवाहू पाच एकरात दोन भावांचं भागत नाही, एक पुण्याला कंपनीत, एक नागपूरला ड्रायव्हर, घरी म्हातारा-म्हातारी. जिथे पोरगा घरी आहे तिथेही खरं ओझं सुनेवर असतं, शेतातून येऊन ती सासूचं अंग पुसते, गोळी देते, रात्री उठते, आणि तिला स्वतःला पस्तिशीत कंबरदुखी. ज्या घरात शेतकऱ्याने जीव दिलाय तिथे तर उलटं आहे, तिथे सत्तरीची आजीच नातवंडं वाढवते आहे, तिच्या आजाराला घरात जागाच नाही. तिला तुम्ही पोरं बघतील म्हणून सांगणार?

पैशाचंही तसंच. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० मिळतात, वेळेवर आले तर. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १७५०. आजच्या घडीला एका घराचं एवढ्यात भागतं असं ज्याला वाटतं त्याने महिनाभर करून बघावं. जो या रेषेच्या थोडा वर आहे, दोन एकरवाला, त्याला काहीच नाही. आणि ज्याला मिळतात त्याला त्यातून शुगरची गोळी घ्यायची की तेल, असं ठरवावं लागतं, तो तेल घेतो, कारण स्वयंपाक सगळ्यांचा असतो आणि गोळी एकट्याची.

मनाचं मात्र विसरू नका, ते गोळीइतकंच मोठं आहे. आमच्याकडे "डिप्रेशन" कोणी म्हणत नाही, "करमत नाई" म्हणतात, "आता देवानं न्यावं" म्हणतात, आणि ऐकणारा हसून सोडून देतो. ऐकू कमी येतं म्हणून गप्पांतून बाहेर, दिसत कमी म्हणून पेपर बंद, पाय चालत नाहीत म्हणून भजन बंद, मग दिवसभर खाट आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा सोड म्हणून सगळे ओरडतात, सोडायलाच पाहिजे, तोंडाचा कॅन्सर विदर्भात काय आहे हे सांगायला नको. पण त्याच्या दिवसात दुसरं काही उरलेलं नाही तर तो काय सोडून कशाला धरेल, हेही बघा. कानाचं मशीन आणि देवळाला पायऱ्यांच्या बाजूने एक उतार, यालाही मी उपचारच म्हणतो.

यातलं बरंचसं मुंबईत बसून होणार नाही, गावात होईल. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, आमचा गाव आमचा विकास आराखडा दरवर्षी करावा लागतो, त्यात आपण रस्ता, नाली, सभामंडप टाकतो. त्यात ज्येष्ठांच्या घरच्या संडासाला पाइप, गावात फिरत्या वापरासाठी दोन-चार कमोड खुर्च्या आणि वॉकर, देवळाला उतार, हे टाकायची मागणी करा. गोळ्यांसाठी ग्रामसभेत वेगळा ठराव घ्या, बीपी-शुगरची औषधं उपकेंद्रातच मिळावीत आणि ज्याची तब्येत स्थिर आहे त्याला एकदम महिन्याची मिळावीत असा, आणि तो तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि जिल्हा परिषदेला पाठवा, पोच घ्या. ठराव लिहिताना "पुरेशा गोळ्या" असं लिहू नका, पुरेशाचा अर्थ जो तो आपल्या स्टॉकप्रमाणे लावतो. आकडा लिहा, ३० दिवस, आणि खाली गावातल्या बीपी-शुगरच्या पेशंटची संख्या लिहा, आशाताईच्या वहीत ती असतेच.